भाकरीचे दोन ठोके

बीड बायपास, छ. संभाजीनगर
४ सप्टेंबर २०२५

चतुरावन्स यांना गोजरबाईचा सप्रेम जय भीम.

कारणबिरण काय नाय, लई खुशीत हाय म्हणून लिवते. फोनवर तुमी काय बोलता ते मला माशी भुणभुणल्यावानी येतं, अन् मी बोलते ते अख्ख्या गल्लीला जातं. तनुजा, संघपालची बायको, म्हणती, आजी तुम्ही पत्रच लिहा, शेजारचे विचारतात भांडण झालं का. तर साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं कामी येऊ द्या. तवा तुमी माझ्या पाटीवरचं बघून लिवायच्या, विसरला नसाल.

तर ऐका. नातवानं घरामागच्या मोकळ्या जागेत एक खोली वाढवली. कशाला? नुसता पिच्चर बघायला! भिंतीभर पडदा, भिंतींना काळ्या गाद्या, अन् मधी म्हशीएवढा सोफा. सोफ्याच्या बुडाला लोखंडाचे चार डबे आवळलेत. त्याला शेकर म्हणतात. त्यातून आवाज येत नाय, हादरा येतो. ढोलाचा, ढगाचा, रेल्वेचा जो जाड आवाज असतो ना, तो कानात न जाता खालून अंगात शिरतो. सोफ्याच्या पायाखाली रबराच्या चकत्या घातल्यात, हादरा फरशीत वाया जाऊ नये म्हणून. एवढं डोकं आपल्या माणसानं शेतीत लावलं असतं तर!

पैल्यांदा मी बसले तवा पडद्यावर घोडे धावत व्हते. वन्स, माझे कान गेल्याला किती वर्सं झाली, तुमाला ठावं. मला घोडे ऐकू आले. मांडीला आले, पाठीला आले, दाताच्या कवळीलाबी आले. मी रडाया लागले. संघपाल घाबरून म्हणला, आजी बंद करू का? मी म्हणलं, मुडद्या, वाढीव!

आता दुपारी अपेक्षा साळंतून आली की आमी पणजी-पणती तिथंच. ती कार्टून लावती, मी डोळे मिटून नुसती हादरे खाते.

ही जागा मोक्याची हाय. पैले कुण्या काकासाहेबाचं रान व्हतं म्हणं. चिंचेचा बुंधा व्हता मागं, तो उपटून खोली घातली. तुमच्या ठरलेल्या नवऱ्याला, त्या कारभारीला, असा सोफा दिला असता तर तो सुपारी फुटल्यावर सुरतंला पळाला नसता, तुमच्याच दारात बसून ऱ्हायला असता! रागावू नका. भावजयीनं नणंदेला एवढं बोलायचंच असतं.

तुमची
गोजर

*

पिशोर
११ सप्टेंबर

वहिनीस चतुराचा जय भीम.

पत्र पोचलं. तुझ्या पाटीवरचं बघून लिवलं म्हणून तर माझं अक्षर असं वाकडं.

सोफ्यात लई बसू नको, मूळव्याध व्हईल. इथं मका चांगली हाय. पोराचं बरं हाय. माझा गुडघा तसाच हाय.

कारभारीचं नाव काढलंस. दर पत्रात काढतीस. काढ बापडे.

एक सहज इचारते. हे काकासाहेब कुठले? आडनाव काय? चिंचेचा बुंधा केवढा व्हता? अन् तुमच्या गच्चीवरून डोंगर कोणत्या अंगाला दिसतो? लगी लिव. सहजच.

चतुरा

*

छ. संभाजीनगर
१७ सप्टेंबर

वन्स, जय भीम.

तुमाला चिंच काय करायची हाय, आमटीत घालायची का? संघपाल म्हणतो बुंधा दोन माणसांच्या कवेत यील एवढा व्हता. डोंगर दक्षिणंला. आडनाव त्याला ठावं नाय, एजंटानं नुसतं काकासाहेबाचं रान म्हणून दाखवलं. झालं समाधान? आता माझं ऐका, अन् बसून वाचा.

मालक आलेत.

माझ्या डोक्याला काय झालं नाय. सोमवारची गोष्ट. दुपारी लाईट गेली. पडदा काळा, पंखा बंद. मी उठायचा कटाळा करून सोफ्यावर तशीच पडले व्हते. अन् खालून ठोका आला. जरा दम घेऊन दुसरा. मग गप. मला वाटलं अपेक्षा शेकर चालू करून बसली. ती म्हणली, "आजी, लाईटच नाही तर चालू कसा होईल? येडी आहेस का?" पोरीचं बोलणं बघा. हिच्या आईला सांगायला पायजे.

परत आले. दोन. सावकाश.

मी लगी वळखलं, वन्स. तुमीबी वळखलं असतं. आमचे मालक, तुमचे कडुबादादा, विहीर खणायला खाली उतरायचे, अन् मी वर काठाच्या लाकडावर अनवाणी उभी. एवढ्या खोलातून हाक ऐकू येत नाय, वारा खातो. म्हणून ते पहारीनं दगडावर ठोकायचे, ते माझ्या तळव्याला कळायचं. एक ठोका म्हंजी टोपलं भरलं, रहाट फिरवा, वर ओढा. दोन सावकाश ठोके म्हंजी भूक लागली, भाकरी सोड. मी वरून एकदा टाच आपटायची, म्हंजी ऐकलं, हाय मी. आमचं सगळं लगीन अशा ठोक्यांत गेलं बघा. तोंडानं कुठं बोलायचे ते.

मी सोफ्यावरूनच टाच आपटली. थरथर थांबली. मांजरानं अंग घासून बसावं तशी.

मग काय, मी केली ज्वारीची भाकरी, ठेचा, एक कांदा फोडून ताटलीत ठेवला, अन् सोफ्यामागं फरशीवर सरकवला. तनुजाला म्हणलं मांजराला हाय. सकाळी बघते तर भाकरी तशीच, पण गार अन् ओली, मुरमाचा वास येत व्हता, नव्या विहिरीला येतो तसा. कांदा तेवढा नव्हता. आता गंमत बघा, मालक जिवंतपणी कच्च्या कांद्याला शिवले नाय कधी! वास येतो म्हणायचे. गेल्यावर आवड बदलती वाटतं माणसाची.

मी रोज वेणी घालते आता. हसा.

गोजर

*

पिशोर
२४ सप्टेंबर

वहिनी,

तिथं भाकरी ठेवू नको. त्या खोलीत बसू नको. पोरीला बसू देऊ नको. का, ते इचारू नको. मी मोठी नाय तुझ्यापरीस, पण एवढं माझं ऐक.

चतुरा

*

छ. संभाजीनगर
४ ऑक्टोबर

वन्स, जय भीम.

तुमचं पत्र वाचून हसू आलं. जळता व्हय? भाऊ असून तुमच्या दारी आला नाय, माझ्या सोफ्याखाली आला, ते सोसत नाय तुमाला. येतील तुमच्याकडंबी. आधी सोफा घ्या.

विजयादशमीला आमी सगळे लेणीवर वंदनेला गेलो व्हतो. घरी आले तर मला चैन पडंना. तशीच पांढरं लुगडं नेसून खोलीत जाऊन बसले. लगी दोन ठोके. वाटच बघत व्हते.

आता ठोके लई येतात. आधी दुपारचेच यायचे, आता संघपालनं पिच्चर लावला की त्या हादऱ्यांच्या मधूनबी येतात. त्याला कळत नाय, मला कळतात. पिच्चरचा हादरा गुबगुबीत असतो, हा टणक. अन् घाईचा झालाय जरा. मी म्हणते, अहो करते की भाकरी, दम धरा.

सोफा एका अंगाला कलला. अपेक्षाचा चेंडू कुठंबी ठेवा, घरंगळत त्याच्याखाली जातो. संघपालनं एका पायाखाली पुठ्ठा घातला. म्हणतो, आजी, मिस्तरीनं फरशी ओली असताना बसवली. तिथं काठी आपटली की फरशी मडक्यावानी बोलती. हातानं कळतं मला.

बारा तारखेला, रैवारी, अपेक्षाचा वाढदिवस हाय. गल्लीतली सगळी पोरं सोफ्यावर अन् सोफ्यापुढं बसणार, राक्षसाचा पिच्चर लावणार. संघपालनं त्या दिवसापुरते अजून दोन शेकर आणलेत. म्हणतो, आजी, राक्षस चालला की पोरांचे दात वाजले पायजेत. तुमी या ना! गुडघा बघू मग.

मी मालकांना सांगून ठेवलंय, पोरं आहेत, त्या दिवशी जरा दमानं.

गोजर

*

पिशोर
१० ऑक्टोबर

वहिनी,

टपालानं हे येळंवर पोचणार नाय. म्हणून कुरडयाच्या डब्यात घालून उद्याच्या एसटीच्या डायव्हरापाशी देते. पोरगा संघपालला डबा न्यायला सांगंल.

संघपालला मी फोन लावला व्हता. म्हणलं, त्या खोलीत पोरं बसवू नको, खाली विहीर हाय. तो म्हणला, "आत्याआजी, मी प्लॉटचे कागद पाहिलेत, विहीर कुठंच नाही. आजीनं तुम्हालाही पिच्चर दाखवला वाटतं." अन् हसला. तू हसू नको.

राजकुमारच्या, संघपालच्या बापाच्या, येळी तू माहेरी बाळंत झालीस. तवा दादा, मी अन् कारभारी शहराकडं विहिरीच्या कामाला गेलो. काकासाहेब नावाच्या माणसाचं रान, दक्षिणंला डोंगर, मोठी चिंच. तुझ्या जागी काठावर मी उभी ऱ्हायचे. भाकरी करून पाठवणारी तू नव्हतीस, आमी सकाळीच शिळी बांधून न्यायचो. त्यामुळं दोन ठोके रिकामे पडले. दादा म्हणला, वाया कशाला घालायचे. मुरूम ढिला व्हता. तर तिथं दोन ठोके म्हंजी, कड सुटली, काठावरची माणसं मागं घ्या.

तू परत आलीस तवा दादानं विहिरी सोडल्या व्हत्या. म्हणून तुला हे कधी कळलं नाय.

अन् का सोडल्या तेबी कळलं नाय. कारभारी सुरतंला गेला नाय, वहिनी.

त्या दिवशी खाली दोघं व्हते. दादानं टोपल्यात पाय ठेवला व्हता, मी दोर ओढत व्हते. खालून दोन ठोके आले. कारभारीनं दिले. ठोके द्यायला तो थांबला, म्हणून मी मागं झाले अन् दादा वर आला. मग कड त्याच्यावर बसली. आमी हातानं उकरलं. काकासाहेबानं उकरू दिलं नाय फार. सुरुंगाचा परवाना नव्हता, म्हणला, बोभाटा झाला तर कडुबा जेलात जाईल. विहीर बुजवून टाकली. कारभारीला मागं-पुढं कुणी नव्हतं, फर्दापूरकडचं पोरकं पोरगं. इचारणार कोण?

तू ओली बाळंतीण. भ्याली तर दूध आटतं, म्हणून आई म्हणली, गोजरला सांगा सुरतंला गेला. मग पोरगा रांगाया लागला, चालाया लागला, अन् सुरतच खरी झाली. तू चिडवायचीस अन् मी हसायचे. मला राग नव्हता येत. तुझ्याशिवाय त्याचं नाव दुसरं कुणी घेतच नव्हतं.

दादा खाटंवर, तुझ्या हातचं पाणी पिऊन गेला. त्याचं काय ऱ्हायलंय तुझ्या सोफ्याखाली? अन् कांदा कोण मागायचं ते आठव.

तो भाकरी मागत नाय. पोरं उठीव.

चतुरा

*

छ. संभाजीनगर
१४ ऑक्टोबर

चतुरा,

वन्स नाय लिवत आज. तू बस जवळ.

तुझा डबा शनवारी आला अन् माळ्यावर गेला. संघपाल म्हणला, कुरडया उद्या तळू पोरांना. रैवारी संध्याकाळी तनुजा कढई ठेवून बसली, मी डबा रिकामा करते तर तळाशी तुझं पत्र. मी ओट्यापाशीच उभी राहून वाचलं. तुला ठावं हाय मी कशी वाचते, बोट ठेवून, एक-एक अक्षर. तिकडं खोलीत पोरं बसली व्हती. संघपालनं दार लावून घेतलं. पिच्चर चालू झाल्याचं मला ओट्याच्या दगडातून कळलं. राक्षस चालत व्हता. अन् त्याच्या पावलांमधी ते दोन. मग परत दोन. मग दम न घेता, नुसते दोन-दोन-दोन.

मी तुझ्या पत्रातल्या 'सुरतंला गेला नाय'पाशी आले अन् माझं बोट तिथंच ऱ्हायलं बघ. पण पुढं वाचलं. बरं झालं वाचलं.

आता कुणाला सांगू? बहिऱ्या म्हातारीचं कोण ऐकणार? संघपालनं तुझं ऐकलं नाय, माझं ऐकणार व्हता? ओट्यावर पावभाजीचं पातेलं व्हतं, भरून. फडक्यानं धरलं, खोलीत गेले अन् नव्या सोफ्यावर मधोमध उलथं केलं. पोरं अशी वरडली म्हणं! मला नाय ऐकू आलं, तोंडं दिसली. कुणाच्या अंगावर सांडू दिलं नाय, गादीवरच. तनुजा धावत आली. "आजी, तुम्ही मुद्दाम केलंत! मी बघितलं, मुद्दाम केलंत!" मी म्हणलं, व्हय, मुद्दाम. मला पोरांचा गोंगाट सोसत नाय. हाकला सगळ्यांना. बहिरी बाई गोंगाट सोसत नाय म्हणते, यावर कुणी हसलंबी नाय, एवढा राग.

संघपालनं दात खात पोरांना पुढल्या खोलीत नेलं. अपेक्षाचा कागदी मुकुट सोफ्यावर ऱ्हायला. ती हात सोडवून परत पळाली. मी दारात उभी व्हते, तिची वेणी धरली. ती मला चावली, चतुरा. अजून वळ हाय. मी वेणी सोडली नाय.

तवाच सोफा बसला. तसाच, सरळ, एखादी म्हातारी दमून बसती तसा. फरश्या एकामागं एक खाली गेल्या. शेकर चालूच व्हते, वायर ताणली तवर खालून थरथर येत व्हती, मग वायर तुटली अन् गप. मुकुट सगळ्यात शेवटी गेला.

संघपाल दारात येऊन खाली बसला. एक पोर खरचटलं नाय. तनुजानं माझ्या गळ्यात हात घातला, भाजीच्या हातानं.

मग बंबवाले आले, बॅटरी टाकून बघितलं. म्हणले, जुनी विहीर हाय, दगडमातीनं भरलेली, ती खचली. संघपालच्या नव्या हादऱ्यांनी का पावसानं, कुणाला ठावं. दोन दिसांनी काँक्रीटची गाडी आणून खड्डा बुजवायचं ठरलं व्हतं.

आता तुला एक सांगते. मला वाटलं मालक आले. महिनाभर मी वेणी घातली. या वयात नवी नवरी झाले व्हते. ते गेलं. जाऊ दे. माझे मालक बोलायचे थोडं, पण जे बोलायचे ते झालं बोलून. ऱ्हायलंय ते दुसऱ्याचं.

तुला मी पन्नास वर्सं सुरत सुरत केलं. पुढचं लिवता येत नाय मला. वर्गात तेवढं शिकवलं नव्हतं.

मी आता पुढच्या ओसरीत माझ्या जुन्या खाटंवर असते. खाटंला वायर नाय, डबा नाय, काय नाय. काल, सोमवारी, दुपारी पाय खाली सोडून बसले व्हते. तळव्याला ठोका आला. मी दुसऱ्याची वाट बघितली. आला नाय. बऱ्याच येळानं परत एक. एकच.

तुला सांगायला नको, एक म्हंजी काय. तो एक ठोका कुठंच बदलला नव्हता ना? भरलं, वर ओढा.

मी संघपालला बोलावलं. त्याचा हात धरून फरशीला लावला, धरून ठेवला. बराच येळ. एकदम त्याच्या हाताला झटका बसला अन् त्यानं हात वढून घेतला. तळव्याला ओला मुरूम व्हता, चतुरा. ओसरीची फरशी कोरडी ठणठणीत. मग त्यानं उठून फोन लावला, अन् काँक्रीटची गाडी नको म्हणून सांगितलं. विहीर खाली करणारे लोक बघतो म्हणला. हसला नाय.

तू ये. त्या येळी काठावर तू व्हतीस. दोर तुझ्या हाताचा हाय.

तुझी
गोजर

*

पिशोर
१७ ऑक्टोबर

वहिनी,

हेबी पत्र डायव्हरापाशीच देते, म्हंजी माझ्या आधी पोचंल. उद्याच्या पैल्या गाडीनं येते. गुडघ्याचं बघू मग.

पोरगा इचारतो, आई, येवढ्या लांब कुणासाठी चाललीस. त्याला काय सांगावं ते मी गाडीत ठरवीन.

भाकरी तू कर. कांदा मी आणते, आपल्या रानातला.

अन् मी येईस्तोवर ओसरीत बसून वरून एकदा टाच आपटत जा. एकदा. त्याला कळू दे, ऐकलं म्हणून.

चतुरा